वगळलेलं जनावर

लाळ्या-खुरकूत हा रोग माणसाला होत नाही, म्हणून मी माझ्या गणितातून माणूस वगळला. चूक ही एवढीच. ती केली तेव्हा मी बऱ्यापैकी हुशार समजला जात होतो, शिष्यवृत्ती घेत होतो, आणि वगळलेल्या माणसांत मी स्वतःही मोडतो हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

नव्वदच्या दशकाचा मध्य. बेंगळूरच्या एका मोठ्या, झाडीने भरलेल्या संस्थेत मी संशोधन करत होतो. आमचं घराणं मराठी. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर घोड्यावरून इकडे आलं असं घरात सांगतात. पुढे फौज गेली, घोडे गेले, आम्ही बसवनगुडीत कारकुनी करत राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडणात दोन्ही. लग्नकार्यात नातेवाईक मला विचारायचे, "जनावरांचा डॉक्टर झालास म्हणे?"

"नाही, मी गणित करतो."

"कशाचं?"

"रोगाचं. गाईचा रोग मेंढीला आणि मेंढीचा डुकराला कसा जातो, त्याचं."

समोरचा माणूस क्षणभर माझ्याकडे कणवेने बघायचा आणि पायसम कुठे वाढतायत ते पाहायला निघून जायचा.

गणित सांगायला सोपं होतं. कागदावर तीन चौकटी काढायच्या: गाई, मेंढ्या, डुकरं. प्रत्येक चौकटीत तीन कप्पे: निरोगी, आजारी, बरी झालेली. मग बाण. गाईकडून गाईला, गाईकडून मेंढीला, मेंढीकडून गाईला, असे एकूण नऊ. प्रत्येक बाणावर एक आकडा, म्हणजे त्या वाटेने रोग किती जोरात जातो त्याचं माप. सगळं कॉम्प्युटरला भरवलं की पुढच्या दोन महिन्यांत कुठल्या गावात किती जनावरं आजारी पडतील त्याचा आलेख करकर आवाज करत छापून बाहेर यायचा.

त्या नऊ बाणांत मेंढीच्या बाणांवर माझं विशेष प्रेम. गाईला हा रोग झाला की साऱ्या गावाला दिसतो. तोंडात फोड, दोरीसारखी लोंबणारी लाळ, खुरांच्या बेचक्यात जखमा, दूध बंद. मेंढीला झाला तर ती जेमतेम एखादा दिवस लंगडते आणि मग काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने चरत राहते. पण रोग देते. असा छुपा गुन्हेगार हाती लागल्यावर कुठला तरुण दुसरीकडे बघेल? तळ्यावर गाई आणि मेंढ्या एकत्र पाणी पितात, तिथेच हे सारं घडतं, असं मी ठरवूनच टाकलं होतं. पुरावा गोळा करायचा तेवढा बाकी होता.

त्यासाठी मी देवनहळ्ळीच्या आसपासची गावं निवडली. शास्त्रीय कारण असं की तिथे माझी अक्का होती आणि अक्काकडे जेवण होतं.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. किल्ल्याच्या पुढे तीनेक मैलांवरच्या गावात तिचं घर, मागे पपनसाची पाच झाडं, रागीचं, म्हणजे नाचणीचं, शेत, आणि गोठ्यात दोन जनावरं: एक म्हातारी गाय आणि त्या गाईची कालवड. भावोजी शहरातल्या कारखान्यात, रविवारचे घरी. कालवड जन्मली तेव्हा सगळे म्हणाले होते, विकून टाका. अक्का म्हणाली, "बेड." बेड म्हणजे नको. संसारात तिने कुणाला न विचारता उच्चारलेला तो बहुधा पहिला नकार. अंगावरची एकेक गोचीड वेचून तिने तिला वाढवलं. आता कालवड गाभण होती, पहिलारू, आठवा महिना लागत होता.

"बघ तम्मा," अक्का मला म्हणायची. धाकट्या भावाला आमच्याकडे तम्माच म्हणतात. "हिला वासरू झालं की डेरीत माझ्या नावाने दूध जाईल. आत्तापर्यंत सगळं यांच्याच नावाने."

त्या हिवाळ्यात, रागीची कापणी झाल्यावर, पहिल्या गावात लाळ गळणारी गाय दिसली आणि माझे दिवस पालटले. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी बेंगळूरच्याच शिवाजीनगरहून सकाळची बस धरायचो. आधी आजारी गावात जायचं. तिथे तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर स्कूटरवरून आलेले असत. ते गाईचा जबडा उघडायचे, मी जीभ बाहेर ओढून धरायचो, ते फोड बघायचे, मी मोजायचो. लाळ मनगटावरून बाहीत उतरायची. डॉक्टर प्रत्येक गोठ्यातून निघताना धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने हात आणि गमबूट धुवायचे. पहिले दोन दिवस त्यांनी मलाही धुवायला लावलं. तिसऱ्या दिवसापासून मी टाळायला लागलो. सोड्याने कातडी चरचरते, आणि मी काही डॉक्टर नव्हतो, मी मोजणारा होतो. शिवाय माझी एक खास 'फील्डची पँट' होती आणि कॅनव्हासचे बूट. फील्डचेच आहेत म्हणून ते दोन्ही मी धूतच नसे.

आता पुढची गंमत ऐका. डॉक्टरांचं काम आजारी गावात संपायचं. माझं संपायचं नाही. आजारी किती ते कळून भागत नाही, निरोगी किती तेही लागतं. एकाला दुसऱ्याने भागल्याशिवाय गणित होत नाही. म्हणून दुपारी मी त्याच पँटीत, त्याच बुटांत, बसने निरोगी गावांत जायचो. गोठ्यागोठ्यांत शिरून जनावरं मोजायचो, पाठीवर थापा मारायचो, शिंगांखाली खाजवायचो. लोक कौतुकाने बघायचे. शेवटी अक्काकडे. कालवड माझी वाटच बघत असे, कारण माझ्या खिशात तिच्यासाठी गुळाचा खडा असायचा. खडा संपला तरी ती खरखरीत जिभेने माझा तळवा चाटत राहायची.

एके दिवशी अक्काच्या शेताच्या कडेला मेंढ्या दिसल्या. त्या भागात कापणीनंतर धनगराला बोलावून शेतात मेंढ्या बसवतात. पाच-सहा दिवस कळप तिथे मुक्कामाला राहिला की शेताला खत मिळतं. दर वर्षी येणारा तो म्हातारा धनगर. सगळे त्याला अज्जा म्हणत. मी धावत गेलो.

"इथे बसवायच्या नाहीत."

अज्जाने माझ्याकडे न बघता अक्काला विचारलं, "हा कोण?"

"माझा भाऊ. शिकतोय."

"अजून?" अज्जा म्हणाला.

मी पिशवीतून आलेख काढला. मेंढीचे बाण दाखवले. अक्का म्हणाली, "अरे, दर वर्षी बसतात. शेताला खत नको? स्वल्प, जरासं तरी समजून घे."

"तुला खत पाहिजे का कालवड पाहिजे?"

हे वाक्य मी मुद्दाम तयार ठेवलं होतं आणि त्याने काम केलं. अज्जाने घोंगडी खांद्यावर टाकली. "माझी मेंढरं महिनाभर या एकाच रानात आहेत," तो शांतपणे म्हणाला. "गावोगाव हिंडतोस तू." आणि कळप निलगिरीच्या झाडांपलीकडच्या पडीक जमिनीत घेऊन गेला. मी त्याचं बोलणं वहीत लिहिलंसुद्धा नाही. अशिक्षित माणसाचं निरीक्षण म्हणून सोडून दिलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला विचारलं, "लस थोडी आली आहे. सगळ्या गावांना पुरणार नाही. तुमचं गणित काय म्हणतं, आधी कुठे देऊ?" माझं गणित काय म्हणतं हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मी दोन दिवस खपून यादी केली. तळ्याकाठची, मेंढ्यांची, डुकरांची गावं वर. अक्काच्या गावाचं तळं वेगळं, डुकरं नाहीत, मेंढ्या तर मी स्वतः घालवलेल्या. ते गाव मी सगळ्यांत शेवटी टाकलं. डॉक्टर म्हणाले, "तुमची बहीण राहते ना तिथे?"

"म्हणूनच तर. पक्षपात नको."

असा मी निःपक्षपाती. दोन आठवड्यांत लस संपली, अक्काच्या गावापर्यंत पोचलीच नाही, आणि रोगाने भलतंच सुरू केलं. जिथे यायला हवा तिथे येईना. जिथे यायचं काही कारण नाही अशा गावांत, एकटदुकट गोठ्यांत, उगवायला लागला.

एका बुधवारी मी सगळे कागद घेऊन सरांकडे गेलो. सर गणिताचे, तमिळ, कमी बोलणारे. आमच्याशी इंग्रजीत बोलत. बराच वेळ त्यांनी कागद उलटेपालटे केले.

"गणित चुकलं असतं तर मला वाईट वाटलं नसतं," ते म्हणाले. "चूक सुधारता येते. हे नेमकं उलटं आलंय." मग त्यांनी खडू घेतला आणि गावांची नावं रोग दिसला त्या तारखांच्या क्रमाने फळ्यावर लिहिली. "या गावांना जोडणारं तळं?"

"नाही, सर."

"मेंढ्या?"

"एकाच गावात."

"डुकरं?"

"नाहीत."

सर फळ्यापासून चार पावलं मागे आले. "मग तुमच्या कागदावर एक जनावर कमी आहे. हे जनावर तीन-चार दिवसांनी एकदा बाहेर पडतं. लांब उड्या मारतं. आणि बसच्या रस्त्यावरच्या गावांवर त्याचा फार जीव आहे. शोधा त्याला."

"गुरांचा व्यापारी असेल, सर."

"असेल. चौथी चौकट काढा आणि घाला त्याला आत."

मी उड्या मारत निघालो. चौथं जनावर! तीन जनावरांचं गणित पुष्कळांनी केलं असेल, चौथ्याचा शोध माझा असणार होता. कॉम्प्युटरच्या खोलीपर्यंत पोचेतो मी शोधनिबंधाचं नावही ठरवलं होतं.

त्या काळात कॉम्प्युटर थंडगार खोलीत ठेवलेले असत आणि त्यांना धूळ चालत नसे. दाराशी एक सेवक बसलेला असायचा. त्याच्या अखत्यारीत एवढंच एक काम, आणि ते तो कडकपणे करायचा.

"सर, बूट बाहेर. आत मशीन आहे."

मी वाकून नाडी सोडायला लागलो. नाडी सुटेना. गाठीवर काहीतरी चकचकीत वाळलं होतं, डिंकासारखं. कालचं. काल मंगळवार. काल सकाळी नव्या आजारी गावात मी एका गाईची जीभ धरली होती आणि तिने मान हिसडून सगळी लाळ माझ्या पायांवर सांडली होती.

मी तसाच उकिडवा बसून राहिलो. मग डायरी काढली. कुठल्या तारखेला कुठल्या गावात गेलो ते तीत ओळीने लिहिलेलं होतं. सरांनी फळ्यावर लिहिलेली यादी माझ्याकडे कागदावर होती. दोन्ही शेजारी धरल्या. तीच नावं. तोच क्रम. प्रत्येक नावापुढे रोगाची तारीख माझ्या तारखेच्या काही दिवस मागून चालत आलेली, कुत्रं मालकाच्या मागून येतं तशी.

चौथ्या जनावराच्या पायात माझ्या मापाचे बूट होते. आठवड्यातून कितीदा तरी मी ते या दारात काढून ठेवले होते, मशीनला धूळ लागू नये म्हणून.

"सर, बरं नाही का?" सेवकाने विचारलं.

माझं लक्ष डायरीतल्या शेवटच्या ओळीकडे होतं. काल सकाळी आजारी गाव. काल दुपारी अक्का.

वसतिगृहात जाऊन कपडे धुण्याच्या साबणाने अंग घासलं. पँट आणि बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकले. शेजारच्या खोलीतल्या मुलाचे कपडे आणि चपला घेतल्या. त्याची पँट मला चार बोटं आखूड होती. अक्काकडे फोन नव्हता. गावच्या दूध सोसायटीत होता, पण सोसायटी सकाळी आणि संध्याकाळीच उघडायची. बूथवरून मी तीनदा लावला. तिकडे बंद खोलीत घंटी वाजत राहिली. मग शिवाजीनगरला जाऊन बसमध्ये बसलो.

ती बस प्रत्येक झाडापाशी थांबत होती असं मला वाटलं. शेजारी एक बाई टोपलीत दोन कोंबड्या घेऊन बसली होती. "स्वल्प धरा हो," म्हणत तिने टोपली माझ्या मांडीवर ठेवायला घेतली. मी किंचाळलोच, "बेड!" सगळी बस वळून बघायला लागली. कोंबडीला हा रोग होत नाही हे मला पक्कं माहीत होतं. पण 'होत नाही' या शब्दांवरून माझा विश्वास उडाला होता.

अक्काच्या कुंपणाबाहेर रस्त्यावरच मी थांबलो आणि हाका मारल्या. ती मागच्या दारी कॅन घासत होती, हात पुसत आली.

"बुधवारी कसा आलास? आणि हे कुणाचे कपडे? आत ये की."

"नाही येत."

"का रे?"

मी सांगितलं. मधे कुंपण होतं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं, आणि अशा गोष्टी मोठ्याने सांगताना फार वाईट ऐकू येतात. अक्काने एकदाही मधे बोलून मला मदत केली नाही. संपल्यावर तिने दोनच प्रश्न विचारले.

"काल तिला हात लावलास?"

"हात चाटला तिने."

"आणि म्हातारीला?"

"तिच्या अंगाला टेकून उभा होतो."

अक्का वळली आणि आत गेली. ती रडेल किंवा मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने कॅन धुवायचा सोडा बादलीत कालवला. कालवडीचं तोंड, पाय, खूर धुतले. स्वतः अंघोळ करून लुगडं बदललं. घराच्या पुढच्या खोलीतली खाट, पेटी आणि भावोजींची खुर्ची अंगणात काढली आणि त्या खोलीत गवत पसरून कालवड आत नेऊन बांधली. मग दारात उभी राहून पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली.

"तू आता इथून हलायचं नाहीस. जाशील तिथे नेशील. पंपाच्या खोलीत राहा. म्हातारीचं सगळं तू बघायचं. तिच्या बाजूचा तू, हिच्या बाजूची मी. विहिरीच्या अलीकडे पाय टाकलास तर बघ."

सोसायटी उघडल्यावर फोन गेला आणि संध्याकाळी डॉक्टर आले. नवव्या महिन्यातल्या कालवडीला लस टोचायची त्यांची तयारी नव्हती, आणि म्हातारीला आता टोचून उपयोग नव्हता. त्यांनी माझी डायरी मागून घेतली, पानं उलटली. मी म्हटलं, "दूधगाडीने, व्यापाऱ्याने पण गेला असेल ना रोग?"

"असेल. एकट्या तुमच्यावर सगळं येणार नाही," ते म्हणाले. मग डायरी परत देत, "पण नोंदी फार चोख ठेवल्या आहेत तुम्ही."

मग वाट बघणं. लागण झाल्यावर हा रोग दोन दिवसांत दिसतो किंवा दोन आठवडे घेतो. मी हा आकडा शंभर वेळा कॉम्प्युटरला भरवला होता. तो जगायला किती लांब असतो हे पंपाच्या खोलीत कळलं. दर सकाळी अक्का कालवडीचा जबडा उघडून आत बघायची आणि मग दारात येऊन आडवा हात हलवायची. म्हणजे अजून नाही. बोलणं नाही. विहिरीच्या कठड्यावर माझ्यासाठी रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, आणि पातळ सारू ठेवून निघून जायची.

चौथ्या दिवशी म्हातारीने वैरण हुंगली आणि तोंड फिरवलं. दुपारपर्यंत तिच्या ओठांवरून लाळेची दोरी लोंबायला लागली. मी जीभ धरून बघितलं. मोजायला नव्हतं काही. सगळी जीभच सोललेली होती. माझ्या गणितात ती 'आजारी' या कप्प्यात काही दिवस राहून पुढच्या कप्प्यात जाणार होती. गोठ्यात ती एक पाय उचलून उभी होती, तो टेकवला की थरथरत होती, मग दुसरा उचलत होती. मी तुरटीच्या पाण्याने तोंड धुवायचो, खूर धुवायचो, रागीची आंबील करून ओंजळीने जिभेच्या मागे ओतायचो. ती निम्मी माझ्या अंगावर सांडायची. मी दर वेळी धुवायचो. सोड्याने हातांची सालं निघाली आणि मी चकार शब्द काढला नाही. ऐकायला कुणी नव्हतंच.

अक्का दारातून बघायची. स्वतःची गाय, आणि तिला हात लावता येत नाही. एकदा तिने तिथूनच हाक मारली, "म्हातारे, खा ग स्वल्प." गाईने कान हलवला. त्यानंतर अक्का दारात आली ती थेट दुसऱ्या सकाळी, हात हलवायला.

सातवा दिवस. आठवा. कालवडीची जीभ स्वच्छ. दहावा. मी हळूच हिशोब मांडायला लागलो होतो की आता धोका निम्म्यावर आला असेल, तेवढ्यात अकराव्या दिवशी सकाळी घरातून अक्काची हाक आली. माझ्या नावाची हाक अकरा दिवसांनी ऐकली.

"तम्मा! हिला कळा लागल्यात! दिवस आहेत अजून!"

मी विहिरीपर्यंत धावलो आणि कठड्याला धरून थांबलो. पुढच्या खोलीच्या उघड्या दारातून सगळं दिसत होतं. कालवड आडवी पडलेली, मान ताणलेली. वासराचा एकच पाय बाहेर आलेला. दुसरा कुठेतरी आत अडकला होता. अक्का पाय धरून ओढत होती आणि घसरत होती.

"डॉक्टरांना बोलाव!" तिने आतून मला सांगितलं.

डॉक्टर पलीकडच्या तालुक्यात होते. शेजारचं घर मळ्यावर गेलेलं. मी ताकदीचा तरुण माणूस वीस पावलांवर उभा, आणि माझ्या अंगावर सकाळची लाळ. कालवड हंबरली. मी विहिरीच्या पुढे एक पाय टाकला.

"येऊ नकोस!" अक्का ओरडली. "येऊ नकोस, तुझ्या पाया पडते!"

मी पाय मागे घेतला. निलगिरीच्या पलीकडे एक काळी घोंगडी दिसली. आणि मग मी, ज्याने त्या माणसाला आलेख दाखवून हाकललं होतं तो मी, दोन्ही हात तोंडाशी धरून घसा फुटेस्तोवर ओरडलो, "अज्जाऽऽ! अज्जाऽऽ!"

अज्जा आला. धावत नाही, पण मोठ्या ढांगा टाकत. माझ्यासमोर आला तेव्हा मी मागे सरून बरळायला लागलो, "हात, पाय, सोडा..." बादली दाराशीच होती. त्याने घोंगडी कुंपणावर टाकली, कोपरापर्यंत हात धुतले, पाय धुतले, खेटरं बाहेर काढून ठेवली आणि अनवाणी आत गेला. हे सगळं त्याने मला न विचारता केलं. मेंढ्यांत जन्म काढलेला माणूस तो, एका जनावरापासून दुसऱ्याकडे जाताना काय करायचं असतं हे त्याला ठाऊक होतं.

दारात आता अज्जाची पाठ आडवी आली, म्हणून पुढचं मी विहिरीवरून नुसतं ऐकलं. "ओढू नको अक्का. थांब. कळ जाऊ दे." मग बराच वेळ काही नाही. मग अज्जाचा कण्हल्यासारखा आवाज. "सापडला. गुडघा दुमडलाय." पुन्हा काही नाही. पंपाच्या खोलीवर एक कावळा ओरडत होता, मी त्याला दगड मारला. मग अज्जा म्हणाला, "आता ओढ," आणि काहीतरी ओलं, जड गवतावर पडल्याचा आवाज झाला.

मी वाट बघत राहिलो.

"नाकात काडी घाल," अज्जा म्हणाला. आणि वासरू शिंकलं.

अक्का दारात आली. कोपरापर्यंत रक्ताने भरलेला हात तिने वर केला. या वेळी आडवा हलवला नाही, नुसता वर धरला. मग तिथेच उंबऱ्यावर बसून ती अकरा दिवसांचं रडली. अज्जा बाहेर आला, पुन्हा हातपाय धुतले, खेटरं घातली. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "पाडी आहे." आणि मेंढ्यांकडे गेला.

कालवडीला रोग झाला नाही. का झाला नाही ते मला आजही सांगता येणार नाही. सोडा म्हणा, नशीब म्हणा, त्या मंगळवारी गूळ जरा आधी संपला होता असं म्हणा. म्हातारी उठली, पण पहिल्यासारखं दूध तिने पुन्हा दिलं नाही आणि थंडीत लंगडत राहिली. साथ ओसरल्यावर मी डायरीतल्या गावांत गेलो, डॉक्टरांचे गमबूट घालून, आणि दूध सोसायट्यांपाशी उभा राहून काय झालं असावं ते सांगितलं. बहुतेक ठिकाणी कुणाचा विश्वास बसला नाही. एका ठिकाणी बसला; तिथे मला चहा मिळाला नाही.

अक्काने मला आत घेतलं ते म्हातारीच्या शेवटच्या जखमेवर खपली धरल्यावर बऱ्याच दिवसांनी. दारात सोड्याची बादली होतीच. ती नंतर कायमचीच झाली. आत पाडी गवतावर अडखळत उभी होती, आणि कोनाड्यात दूध सोसायटीचं कोरं पुस्तक, वर अक्काचं नाव. पडीक जमिनीतला मेंढ्यांचा कळप आता अक्काच्या शेतात बसलेला खिडकीतून दिसत होता. अज्जाला मी स्वतः जाऊन बोलावून आणलं होतं. त्याने एवढंच विचारलं होतं, "शिकून झालं?"

मला अक्काला काहीतरी द्यायचं होतं. माझ्याकडे देण्यासारखा एकच कागद होता. नवा. रात्रंदिवस खपून केलेला. मी तो तिच्यासमोर पसरला.

"हे बघ. गाई, मेंढ्या, डुकरं. आणि ही चौथी चौकट. माणूस. आता बरोबर आलंय. सर म्हणाले, आता जुळतंय सगळं."

अक्काने ओले हात पदराला पुसले, वाकून चारही चौकटी नीट बघितल्या, बाण बघितले.

"चार कशाला काढल्यास?" ती म्हणाली. "एकच काढ. तिच्यात तू बस, आणि बाहेर येऊ नकोस."